फुटकं बी

एकच रेघ.

•

यंत्र बंद झाल्यावरही त्याची थरथर तळपायात राहते. घरी, पलंगावर, सुट्टीच्या दिवशीसुद्धा.

•

पँटची चेन बदलायची तर जुनी चेन एका हिसक्यात ओढून काढायची नसते. एकेक टाका उसवायचा. बिघडली चेन, कापडानं काय घोडं मारलंय?

•

"लोखंडाला जसा गंज चढतो, तसा शरीरातल्या पेशींनाही चढतो. आमचं सिलिमरिन हा गंज रोखतं." कारखान्याच्या दारातला फलक. खाली जांभळ्या काटेरी फुलाचं चित्र, आणि दूध सांडल्यासारखी पांढरी नक्षी असलेलं पान.

•

यकृत परत वाढतं. अर्धं कापून टाकलं तरी वाढतं.

•

"काका, नीट बघा. किती दिसतायत तुम्हाला?"

"एकच," चाळण्या म्हणाला. मग त्यानं चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला, परत डोळ्यांवर चढवला आणि पुन्हा म्हणाला, "एकच."

लॅबवालीनं कागदाची ती बोटभर पट्टी चिमट्यात धरून दिव्याखाली नेली. टेबलावर सकाळपासूनच्या पट्ट्या ओळीनं मांडल्या होत्या. त्या सगळ्यांवर दोन-दोन रेघा होत्या.

चाळण्या हे काही कुणाचं नाव नव्हे. पण निम्मं आयुष्य एका चाळणीपाशी उभ्या राहिलेल्या माणसाला खऱ्या नावानं हाक मारायची सवड कुणाला असते? कारखान्यात फलकावरच्या त्या काटेरी फुलाच्या, मिल्क थिसलच्या, बियांचा अर्क काढत, यकृताच्या औषधासाठी. पोत्यांतून आलेलं बी आधी चाळण्याच्या तीन मजली चाळणीवर यायचं. वर काड्या-कचरा अडकायचा, मधे अख्खं बी राहायचं आणि तळाच्या तसराळ्यात पडायचा तो फुटका माल. फुटका माल अर्काला चालत नसे. तो पाळलेल्या पक्ष्यांच्या खाद्याला जायचा, आणि त्यातला हवा तेवढा कामगारांनी घरी न्यावा अशी जुनी रीत होती. फारसं कुणी नेत नसे. चाळण्या न्यायचा.

मधे एका गिऱ्हाइकानं अख्खा ट्रक परत पाठवला. बियांना बुरशी होती आणि बुरशीचं विष मालात उतरलं होतं. तेव्हापासून ही नवी मुलगी लॅबमध्ये आली होती आणि चाळणीच्या प्रत्येक मजल्यावरचा नमुना मागत होती. आज सकाळी चाळण्या कागदी पेल्यांतून नमुने घेऊन आला, तेव्हा तिनं त्याला पट्टी समजावून सांगितली होती. दोन रेघा आल्या तर माल चांगला. एकच आली तर विष आहे.

"दोन म्हणजे चांगलं?" चाळण्या हसला होता. "आमच्या पुतणीकडे दोन रेघा आल्या तेव्हा अख्खं घर नाचलं होतं."

"मग इथंही नाचा. आत्तापर्यंत सगळ्या दोनच आहेत. तुमचा फुटका मालसुद्धा एकदम झकास."

चाळण्याची कॉलर ताठ झाली. त्या तोऱ्यातच त्यानं जेवणाच्या पिशवीतून स्टीलची छोटी डबी काढली होती. डबीतली पूड खरं तर मुकादमासाठी होती. मुकादमाच्या भावाला दारूनं पोखरलं होतं आणि मुकादम कधीचा मागं लागला होता, की तू घरी वहिनींना देतोस ते थोडं आम्हालाही दे.

"ही लावून बघा की पट्टीवर," चाळण्या म्हणाला होता. "घरचा माल आहे. तुमच्या अख्ख्या बियांनासुद्धा मागं टाकेल."

आता ती पट्टी दिव्याखाली होती.

"हे कुठलं बी काका?"

"इथलंच. तळाच्या तसराळ्यातलं."

"तसराळ्यातल्या नमुन्यावर दोन आल्या ना सकाळी. मग ह्याचं काय केलंत तुम्ही?"

"काय करणार? धुतलं, वाळवलं, दळलं."

"धुतलं?"

"चार पाण्यांनी. धूळ असते, खडे असतात."

"आणि वाळवलं कुठं? उन्हात?"

"छे! उन्हात कसं? दारातल्या फलकावर तळाशी लिहिलंय, उष्णतेपासून आणि प्रकाशापासून दूर ठेवावे. मी पलंगाखाली कापडावर पसरतो. सावलीत. वाळायला वेळ लागतो, पण सत्त्व जात नाही."

लॅबवालीनं पट्टी खाली ठेवली. ती वयानं लहान होती. कुणाला वाईट बातमी द्यायची सवय तिला नव्हती, आणि ते तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

"काका, फुटलेलं तेलाचं बी भिजवून सावलीत ठेवलं, तर बुरशीला आमंत्रणच. दिसणारही नाही डोळ्यांना. हे कोण खातंय?"

चाळण्यानं डबी आपल्याकडे ओढली.

"चिमण्यांना घालतो," तो म्हणाला.

"चिमण्यांनासुद्धा घालू नका."

"भाजलं तर? खरपूस भाजलं तर जातं ना?"

"नाही हो. जाईल असं धरून चालू नका." ती जरा थांबली. "हे विष पहिलं यकृतालाच धरतं. त्यातून कॅन्सरसुद्धा होतो. म्हणून तर अख्खा ट्रक परत आला. चिमण्या… फार दिवस खातायत का?"

चाळण्यानं डबीचं झाकण लावलं. ते नीट बसेना.

"फार नाही," तो म्हणाला.

•

बायकोचं ऑपरेशन झालं तेव्हा सर्जननं बोटांनी हवेत आकार काढून दाखवला होता. एवढी गाठ होती. एवढं यकृत काढलं. आता राहिलेलं वाढेल, तपासणी चुकवू नका. चाळण्याला त्यातलं 'वाढेल' एवढंच आठवत राहिलं, आणि ते कशाकशाला लागू पडतं, हा विचार तो टाळत राहिला.

मग एक दिवस त्यानं कारखान्याच्या दारातला तो फलक नीट वाचला. इतकी वर्षं तो त्याच्याखाली सायकल लावत होता. गंज म्हटल्यावर त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. चाळणीच्या खिळ्यांना दर आठवड्याला तेलाचं बोट लावणारा माणूस तो. गंज त्याला कुणी शिकवायला नको होता. त्यानं मागं लागून आधीच्या लॅबवाल्याकडून सगळं वदवून घेतलं होतं. ह्या बियांतलं द्रव्य पेशींचं रक्षण करतं. काचेच्या बशीत यकृताच्या कॅन्सरच्या पेशी वाढवून त्यावर ते टाकलं, तर त्यांची वाढ मंदावते. उंदरांवरही काही काही दिसलंय. आणि हे सगळं त्याच्याच तसराळ्यात पडत होतं! चाळण्याला वाटलं, आपण आयुष्यभर उगीच नाही इथं उभे राहिलो.

बायकोची तपासणी करणाऱ्या डॉक्टरीणबाईंना त्यानं एकदा आडून विचारलंही होतं.

"काचेच्या बशीत पुष्कळ काही होतं," त्या म्हणाल्या होत्या. "माणसात झालेलं अजून कुणी पक्कं दाखवलेलं नाही. घ्यायचंच असेल, तर काय घेताय ते आधी मला आणून दाखवा."

त्यानं नेलं नाही. नाही म्हणाल्या असत्या तर? नाही ऐकायला त्याच्याकडे त्या दिवसांत जागाच नव्हती.

मागच्या तपासणीचा रिपोर्ट स्वच्छ आला. बायकोनं सगळ्या नातेवाइकांत डांगोरा पिटला, "डॉक्टरांनी कापलं, पण शिवलं आमच्या ह्यांनी." ती शिवणकाम करायची, जुने कपडे दुरुस्त करून द्यायची. तिच्या तोंडी शिवण्याहून मोठी स्तुती नव्हती. चाळण्या तेव्हा लाजून खिडकीबाहेर बघत राहिला होता.

•

"काय रे, आणलंस का?" पाळी सुटताना मुकादमानं त्याला दारात गाठलं.

"विसरलो."

"सकाळी तर म्हणालास, पिशवीत आहे."

"पिशवीत नव्हतं. घरी राहिलं."

"तुझं लक्ष कुठाय? माझा भाऊ तिकडं पिवळा होत चाललाय आणि तू—"

"देऊ नकोस त्याला!" चाळण्या ओरडला. दारातली माणसं वळून बघायला लागली. त्याला स्वतःलाच तो आवाज ओळखू आला नाही. मग खालच्या पट्टीत म्हणाला, "दवाखान्यात ने त्याला. हे बी नको. माझं ऐक. हे काही औषध नाही."

"आता बघा," मुकादम हसला. "वहिनी ठणठणीत झाल्यावर म्हणे औषध नाही. विकायचं तर नाही ना काढलंस?"

ठणठणीत. चाळण्यानं सायकल काढली, पण तिच्यावर बसला नाही; हातात धरून चालत निघाला.

•

घराकडे जाताना तो वाक्यं जुळवत होता.

ऐक, पूड आजपासून बंद. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय.
(त्यांना तर माहीतच नाही.)

ऐक, कारखान्यातून फुटका माल देणं बंद झालंय.
(हे खपलं असतं. इतकं सहज खपलं असतं, की त्याचे पाय जागच्या जागी थांबले. बरणी रिकामी करायची, धुऊन पालथी घालायची, संपलं. कुणाला कधी कळणार नाही. पण मग तपासणीत डॉक्टरीणबाई नेमकं काय शोधतील? जे झालंय ते त्यांना ठाऊकच नसेल, आणि आत काही सुरू झालं असलं तर ते पुन्हा सर्जनच्या बोटांएवढं होईपर्यंत कुणी बघणार नाही.)

ऐक, मी तुला
(ह्याच्यापुढे वाक्य जाईना. तीनदा सुरू केलं, तीनदा तिथंच अडलं.)

रस्त्यावर येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या डोळ्यांकडे तो बघत होता. पांढरे. पांढरे. ह्या बाईचे जरा पिवळट? का संध्याकाळचं ऊन? काल रात्री बायको जेवली नव्हती. म्हणाली, भूक नाही. परवाही म्हणाली होती का? आठवेना. परवा ती म्हणाली होती, की उकडतंय. उकडणं कशाचं लक्षण असतं?

•

ती खिडकीशी मशिनीवर बसली होती. मांडीवर कुणाचं तरी जाकीट, तोंडात दोन टाचण्या. टाचण्या तोंडात असताना ती बोलायची नाही, म्हणून चाळण्यानं ते बरं मानलं. पण तिनं टाचण्या काढल्या.

"आज उशीर?"

"नमुने होते."

"तोंड का असं उतरलंय? मुकादमानं झापलं वाटतं." तिनं दोरा दातांनी तोडला. "चहा ठेवा. आणि माझा चमचा द्या. सकाळी तुम्ही पळालात, माझा राहिलाच."

चाळण्या तिच्या डोळ्यांत बघत होता. खिडकीतला उजेड असा पडला होता की काही कळत नव्हतं.

"इकडं वळ जरा," तो म्हणाला.

"का?"

"वळ ना."

"ह्या वयात काय बघायचंय?" ती हसली, आणि वळली.

पांढरेच होते. कडेला थोडे लाल, बारीक शिवण करून नेहमीच व्हायचे तसे. चाळण्याचा जीव खाली आला आणि लगेच परत वर गेला. पांढरे असले म्हणून काय झालं?

"चमचा आज नको," तो म्हणाला.

"संपली पूड?"

"नाही."

"मग? तुम्हीच तर म्हणता, एक दिवस खाडा झाला की गंज चढतो." ती उठून फडताळाकडे गेली आणि बरणीला हात घातला. चाळण्यानं तिचं मनगट धरलं. इतकं घट्ट त्यानं तिला कधी धरलं नव्हतं. ऑपरेशनच्या वेळीसुद्धा नाही.

"अहो! दुखतंय!"

"खराब आहे ती," तो म्हणाला. "बुरशी आहे त्यात. विष आहे. आज पट्टी लावली. एकच रेघ आली. यकृताला धरतं म्हणे." अडलेलं वाक्य शेवटी निघालं, पण एका तुकड्यात नाही. "मी तुला… मी केलं हे. कारखान्याचं बी चांगलं होतं. मी धुतलं, मी पलंगाखाली वाळवलं."

तिनं बरणीकडे पाहिलं. झाकणावर तिनंच चिकटवलेला कापडाचा गोल होता, निळ्या फुलांचा.

"विष घालायचं होतं तर साखर तरी टाकायची," ती म्हणाली. "किती कडू लागतं ते."

चाळण्याला हसू आलं असतं. पण तिचा हात पोटाच्या उजव्या बाजूला गेला होता, फासळ्यांच्या खाली, जिथून टाके सुरू होत. कापडावरूनच ती बोटांनी चाचपत होती. अस्तरात अडकलेली सुई शोधावी तशी.

"परत कापतील?" तिनं विचारलं.

"माहीत नाही."

"आता कापायला राहिलंय तरी काय?"

"वाढलं असेल ना. ते वाढतं."

"हो. वाढलं असेल." ती खाली बसली. खुर्चीवर नाही, मशिनीपाशी जमिनीवर, चिंध्यांत. "काय काय वाढलं असेल कुणास ठाऊक."

बाहेर कुणी तरी सायकलची घंटी वाजवत गेलं. दोघंही दचकली.

"मी म्हणालो असतो, माल मिळायचा बंद झाला," चाळण्या म्हणाला. "येताना मनात आलं होतं."

"मग का नाही म्हणालात?"

"डॉक्टरीणबाईंना कळायला हवं ना."

"म्हणजे त्यांच्यासाठी मला सांगितलंत."

"तसं नाही गं."

"तसंच आहे. असू दे." तिनं एक चिंधी उचलली, मुडपली, परत उलगडली. "धुतलंत कशाला हो?"

चाळण्या तिच्याकडे बघत राहिला. ती खरंच विचारत होती. तिच्या तोंडावर दुसरं काही नव्हतं.

"धूळ असते," तो म्हणाला.

मग ती उठली, टाचण्या परत तोंडात धरल्या आणि जाकिटाची राहिलेली चेन पुरी केली. गिऱ्हाईक सकाळी येणार होतं. चाळण्यानं चहा केला. तो दोघांनीही घेतला नाही.

•

डॉक्टरीणबाईंनी बरणी उघडून वास घेतला आणि लांब धरली.

"कधीपासून?"

"मागच्या हिवाळ्यापासून," चाळण्या म्हणाला. "रोज. एक चमचा. कधी दोन."

"दोन कधी?"

"तिला बरं वाटत नसलं की."

त्यांनी डोळे मिटून घेतले, आणि उघडले तेव्हा त्या रागावलेल्या नव्हत्या. चाळण्याला राग चालला असता. रागाची त्यानं तयारी करून ठेवली होती.

"मी म्हटलं होतं, दाखवायला आणा."

"हो."

"धुवायचं कुणी सांगितलं?"

शेजारच्या खुर्चीत बायको बसली होती. तिनं त्याच्याकडे मान वळवली. काही बोलणार असल्यासारखे तिचे ओठ विलग झाले.

"कुणी नाही," चाळण्या घाईनं म्हणाला. "माझंच डोकं."

"बरं. आज रक्त घेऊ, सोनोग्राफी करू. आणि आता तपासणी लवकर लवकर." डॉक्टरीणबाई कागदावर लिहीत होत्या. "आजच्या रक्तावरून आजचंच कळेल. अशा गोष्टी लगेच दिसत नाहीत. वर्षांनी दिसतात, किंवा कधीच दिसत नाहीत. मला आत्ता काहीही सांगता येणार नाही."

"म्हणजे भीती आहे," बायको म्हणाली.

"लक्ष ठेवायला हवं."

"म्हणजे आहे," ती म्हणाली, आणि बाही वर करायला लागली.

रक्त देऊन ती बाहेर आली, कोपर मुडपून, कापूस दाबून. बाकावर पुष्कळ माणसं होती. सोनोग्राफीला नंबर यायचा होता. चाळण्यानं तिच्यासाठी जागा धरून ठेवली होती. ती बसली तशी तो उठला आणि भिंतीशी उभा राहिला. तिची पर्स त्यानं पोटाशी दोन्ही हातांनी धरली होती, काठोकाठ भरलेलं भांडं धरावं तशी.

"बसा की," ती म्हणाली. "मी सरकते."

"उभ्यानं सवय आहे मला."

ती सरकली. तो बसला नाही. तिनं मोकळ्या हातानं सदरा धरून त्याला खाली ओढलं आणि बसवलं. मग दोघं समोरच्या दाराकडे बघत राहिली. ते उघडायचं, परिचारिका कुणाचं तरी नाव घ्यायची, आणि ते दुसऱ्याचंच असायचं.

•

पहिल्या वेळची पूड न धुतलेल्या बियांची होती. तिच्या दाताखाली खडा आला, तेव्हा तीच म्हणाली होती, "पुढच्या वेळी धुऊन घ्या हो."